देवाचं वकीलपत्र न घेणारी माणसं: रुग्णालयातल्या आध्यात्मिक आधार सेवेचं परीक्षण

"देवानं माझंच असं का केलं?" हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर फारसं पडत नाही. ते रात्रपाळीच्या नर्सला ऐकू येतं, फरशी पुसायला आलेल्या माणसाला ऐकू येतं, शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या अनोळखी नातेवाइकाला ऐकू येतं. ऐकणारा गांगरतो आणि पहिल्या पाच सेकंदांतच देवाचं वकीलपत्र घेऊन मोकळा होतो. "असं बोलू नये." "त्याच्याही मनात काहीतरी असेल." "तो आपल्याच माणसांची परीक्षा बघतो." बोलणारा गप्प होतो, आणि गप्प झाला म्हणजे शांत झाला असं सगळे धरून चालतात.

या पाच सेकंदांसाठी माणसं तयार करणारी एक सेवा आहे. तिला चॅप्लेन्सी म्हणतात, मराठीत आध्यात्मिक आधार सेवा म्हणता येईल; ती देणारा तो चॅप्लेन. मोठी रुग्णालयं, हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा केंद्रं, सैन्य, तुरुंग अशा ठिकाणी ती असते. इथे तिचं एकच काम तपासलं आहे: संकटाचा ठपका देवावर ठेवणाऱ्या माणसाशी ती कशी वागते. प्रार्थना म्हणणं, हव्या त्या धर्मगुरूंना बोलावून देणं, मृत्यूनंतरच्या विधींची सोय लावणं ही कामं बहुतेक ठिकाणी नीट होतात, त्यावर शाई खर्च करत नाही.

सेवा जोखायची तर आधी तक्रार कशी तयार होते ते पाहायला हवं. २०१० मध्ये कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक प्रसंग वाचायला दिला. एक कुटुंब दरीत सहलीला गेलंय आणि अचानक पाणी चढतं. काहींच्या कागदावर फक्त जेवणाची नासाडी होते, काहींच्या कागदावर अख्खं कुटुंब बुडतं. काहींना सांगितलं होतं की वरच्या धरणावरच्या माणसानं पाणी सोडलं, काहींना कारणच दिलं नव्हतं. देवाचं नाव सर्वांत जास्त निघालं ते माणसं मेली आणि करणारा कुणी दिसत नव्हता तिथे. डबा भिजल्याबद्दल देवाला कुणी जाब विचारत नाही, आणि धरणावरचा माणूस सापडला की देव बराचसा सुटतो.

यातली गोम अशी की माणसाच्या मनात दुःखाचं वाक्य कर्त्याशिवाय पुरं होत नाही. सोसणारा आहे म्हणजे करणारा असलाच पाहिजे. डॉक्टर सांगतात की गुणसूत्रात बिघाड झाला, रक्तवाहिनीत गुठळी अडकली. हे 'कसं' या प्रश्नाचं उत्तर झालं. रुग्णानं विचारलेलं असतं 'का' आणि 'मीच का'. म्हणूनच ज्या दुखण्याला गुन्हेगार सापडत नाही, मुलाचा कर्करोग, पोटातच गेलेलं बाळ, जन्मजात व्याधी, तिथे ही तक्रार अधिक येणार हे सेवेनं गृहीत धरायला हवं. चांगल्या सेवा तसं धरतात आणि नवजात अतिदक्षता विभागात, बालकर्करोग विभागात माणूस कायमचा नेमतात. बाकीच्या फोन यायची वाट बघतात.

अपघातात लुळ्या पडलेल्या २९ जणांचा रॉनी जॅनॉफ बुलमन आणि कॅमिल वॉर्टमन यांनी अभ्यास केला होता, १९७७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. 'मीच का' हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना पडला होता, आणि सगळ्यांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर 'देवाचा यात काही हेतू आहे' अशा अर्थाचं होतं. हेच वाक्य नातेवाईक रुग्णाला ऐकवतात तेव्हा मात्र ते टोचतं. स्वतःहून गाठलेला हेतू आणि दुसऱ्यानं हातात कोंबलेला हेतू यांत फरक आहे. या सेवेचं निम्मं कसब हा फरक सांभाळण्यात आहे.

आता माणसं. अमेरिकेतलं प्रशिक्षण इथे नमुना म्हणून घेतो, कारण त्याची चौकट सर्वांत स्पष्ट आहे. अँटन बॉइसन यांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथल्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णांजवळ बसवायला सुरुवात केली. बॉइसन स्वतः आधी मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिलेले होते. पुस्तकांइतक्याच काळजीनं जिवंत माणसं वाचायला शिका, हा त्यांचा आग्रह. आज तिथे प्रशिक्षणाचा एक टप्पा किमान ४०० तासांचा असतो आणि पूर्ण प्रमाणपत्रासाठी असे ४ टप्पे लागतात, म्हणजे १६०० तास. या तासांतला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत नकोसा भाग म्हणजे शब्दशः नोंद. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून ओळीओळीनं लिहायचं, रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, आणि मग ते गटासमोर वाचायचं. देवाचं वकीलपत्र कुठल्या ओळीत घेतलं ते तिथे उघडं पडतं. रुग्ण म्हणतो, "तो ऐकत नाही." विद्यार्थी म्हणतो, "तो सगळ्यांचं ऐकतो." पर्यवेक्षक विचारतो, इथे घाबरलं कोण होतं? या एका प्रश्नासाठी हे प्रशिक्षण आम्हाला मोलाचं वाटतं. सेवा निवडताना पदवी विचारण्यापेक्षा "शब्दशः नोंदी होतात का, त्या कोण वाचतं?" एवढं विचारावं.

दारातली चाळणी

प्रत्येक रुग्णाजवळ तासभर बसणं शक्य नसतं, म्हणून दाखल होताना नर्सनं विचारायचे दोन-तीन प्रश्न असतात. शिकागोच्या रश विद्यापीठ वैद्यकीय केंद्राच्या नावानं ओळखली जाणारी चाळणी आम्हाला सर्वांत बरी वाटते. पहिला प्रश्न: या आजाराला तोंड देताना धर्म किंवा अध्यात्म तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे का? 'हो' म्हटलं तर दुसरा: सध्या त्यातून तुम्हाला किती बळ मिळतंय? हवं तेवढं मिळत नाही असं उत्तर आलं की चॅप्लेनला निरोप जातो.

पण खरी चलाखी 'नाही' च्या वाटेवर आहे. 'नाही' म्हणणाऱ्याला विचारायचं: पूर्वी कधी महत्त्वाचं होतं का? होतं म्हणाला, तर तिथेही निरोप जातो. देवावर चिडलेला माणूस पहिल्या प्रश्नाला तोंड फिरवून 'नाही' म्हणतो. साध्या चाळणीत तो 'गरज नाही' या खान्यात पडतो आणि मग कुणी त्याच्याकडे फिरकत नाही. हा जास्तीचा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. संगणकावर 'नाही' वर टिचकी मारली की पुढचं पान उघडतं अशी रचना असेल तर चाळणी नावापुरतीच उरते. सेवा तपासायला आलेल्या व्यवस्थापकानं सर्वांत आधी हे पान उघडून पाहावं.

दुसरं साधन म्हणजे क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये बांधलेली फिका ही प्रश्नमालिका. श्रद्धा कोणती, तिचं महत्त्व किती, समूह कोणता, आणि उपचारात याची दखल कशी घ्यावी, असे चार भाग. डॉक्टरांना हा विषय काढायची सवय लागावी म्हणून ती उत्तम आहे. देवावरच्या रागासाठी मात्र बोथट. श्रद्धा आधारच देते असं तिचा सूर धरून चालतो. श्रद्धा आहे, महत्त्वाची आहे, माणसं भेटायला येतात, अशी चारही उत्तरं गुळगुळीत येतात आणि राग तसाच आत राहतो. फिका वापरायचीच असेल तर शेवटी एक साधं वाक्य जोडावं: "या सगळ्यात देवाशी काही बिनसलंय का?" बिनसलंय हा शब्द कामाचा आहे. राग, अविश्वास, पाप असले शब्द माणूस नाकारतो. बिनसणं तो कबूल करतो.

तिसरं साधन, केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांची छोटी आरकोप प्रश्नावली. १४ विधानं, त्यांतली ७ आधाराची, ७ झगड्याची. देवानं मला टाकलं असं वाटलं का, देवाच्या प्रेमाबद्दल शंका आली का, आपल्या हातून काय घडलं म्हणून ही शिक्षा असा प्रश्न पडला का, अशा धर्तीची. प्रत्येकाला चार पायऱ्यांचं उत्तर. इथे होणारी चूक ठरलेली आहे: १४ गुणांची बेरीज मारून एक आकडा काढतात. दोन्ही सातकड्या वेगळ्याच वाचायच्या असतात, कारण एकाच माणसात दोन्ही उंच असू शकतात. ज्याच्यावर चिडायचं त्याच्याचकडे रात्री मागणं मागायचं, यात माणसाला विसंगती वाटत नाही. नातं असलेल्यावरच रुसतात. शिवाय सैतानाचं आणि चर्चनं टाकून दिल्याचं अशी दोन विधानं ख्रिस्ती चौकटीतली आहेत. त्या चौकटीबाहेरच्या रुग्णांसाठी ती जशीच्या तशी भाषांतरित केली की रुग्ण गोंधळून कुठलाही आकडा टाकतो.

ज्युली एक्सलाइन आणि सहकाऱ्यांची २०१४ ची मोठी मापनपट्टी २६ विधानांची आहे आणि झगड्याचे सहा प्रकार वेगळे काढते: देवाशी, दुष्ट शक्तींशी, माणसांशी, स्वतःच्या सदसद्विवेकाशी, शंकांशी, आणि जगण्याच्या अर्थाशी. वर्गीकरण सुरेख आहे. पण विचारणा मागच्या काही महिन्यांबद्दल असते. काल अपघात झालेल्याच्या हातात ती देऊन काय मिळणार? आणि कुठलीही प्रश्नावली पहिल्या भेटीत देऊ नये. ज्याला जाब विचारायचा आहे त्याच्यापुढे आपण फॉर्म सरकवला, तर देवाच्या कचेरीतलाच कारकून आलाय असं त्याला वाटेल.

हा सगळा खटाटोप का, याला एक ठोस कारण आहे. पार्गमेंट यांच्या गटानं ५५ वर्षांवरच्या, रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं माग ठेवला. निष्कर्ष २००१ मध्ये आले. देवानं मला टाकलं असं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी, आणि देवाच्या प्रेमाबद्दल शंका घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त दिसला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. आणि हा आकडा रुग्णाला ऐकवण्याएवढा दुसरा मूर्खपणा नाही. देवावर रागावलास तर लवकर मरशील, ही जुनीच धमकी नव्या कागदावर छापल्यासारखं होतं.

एका तक्रारीतल्या पाच तक्रारी

सेवेचा कस लागतो तो इथे. 'देवानं केलं' हे वाक्य वरून एकच दिसलं तरी आत निदान पाच वेगळी वाक्यं असतात आणि प्रत्येकाला वेगळा प्रतिसाद लागतो.

'देवानं हे मुद्दाम केलं' म्हणणाऱ्याला हेतू विचारावा: तुम्हाला काय वाटतं, कशासाठी? उत्तर पटलं नाही तरी खोडू नये. एक्सलाइन यांच्या २०११ च्या अभ्यासमालिकेत दिसलं ते हेच, की राग वाढतो तो देवाचा हेतू क्रूर वाटतो तेव्हा. नुसतं 'देवानं केलं' एवढ्यानं तो तितका वाढत नाही. म्हणून हेतूबद्दलचं त्याचं चित्र ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो.

'देवानं हे होऊ दिलं' ही अन्यायाची तक्रार आहे. तो सर्वशक्तिमान आहे, चांगला आहे, तरी वाईट घडतं; या त्रांगड्यावर जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझनं १७१० मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला, आणि १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना लिस्बन भूकंपानं कोसळलं तेव्हा युरोपातले विचारवंत त्यावर पुन्हा हमरीतुमरीवर आले. तीन शतकांत जे सुटलं नाही ते खाटेजवळ वीस मिनिटांत सोडवायला जाऊ नये. "हे अन्यायाचं आहे" एवढं मान्य करणं पुरतं. बहुतेक चॅप्लेन इथेच घसरतात, कारण धर्मशास्त्र शिकलेल्याला उत्तर माहीत असण्याची खोड असते.

'देवानं मला शिक्षा केली' हे ऐकलं की विचारावं, कशाबद्दल? आणि मग थांबावं, खरंच थांबावं, पंधरा-वीस सेकंद. यामागे बऱ्याचदा एक नेमकी, कुणालाच न सांगितलेली गोष्ट असते: केलेला गर्भपात, आईशी तोडलेलं बोलणं, लपवलेलं व्यसन. ती निघाली की लक्षात येतं, तक्रार देवाविरुद्ध नव्हतीच, फिर्यादी आणि आरोपी एकच आहे.

'देवानं मला टाकलं' यावर कुठलाही युक्तिवाद चालत नाही. इथे हजेरी हेच औषध. ठरल्या वेळी येणं, दहाच मिनिटं बसणं, उद्या कधी येणार ते सांगणं आणि त्या वेळी येणं. कामाच्या गडबडीत ही भेट चुकली, तर टाकून दिल्याचा आणखी एक पुरावा आपण पुरवतो.

'मग देवच नाही' हे पाचवं. काहींसाठी तो सुटकेचा नि:श्वास असतो, काहींसाठी सुतक. कुठलं ते विचारल्याशिवाय कळत नाही. अश्रद्ध म्हणवणाऱ्यांच्या मनातही देवाबद्दलचा राग अभ्यासांत आढळला आहे, त्यामुळे 'हा आपला गिऱ्हाईक नाही' म्हणून निघून जाणं चूक.

या पाचांसाठी सेवेनं कुठली वाक्यं वर्ज्य ठेवली आहेत ते पाहावं. 'जे होतं ते भल्यासाठी' आणि 'परीक्षा आहे' ही दोन सगळेच टाळतात. 'गेल्या जन्मीचं काही असेल' किंवा 'कुणाच्या कर्माचं कुणाला' ही मात्र शहाणपणाची वाटून सुटून जातात. त्यांनी देव सुटतो खरा, पण ठपका उचलून थेट रुग्णाच्या डोक्यावर ठेवला जातो. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांच्या १९६६ च्या प्रयोगात हेच दिसलं होतं: विजेचे झटके सोसत असल्याचं दाखवलेल्या स्त्रीचा त्रास थांबवता येत नाही म्हटल्यावर बघणारे तिलाच कमी लेखू लागले. जग न्यायी आहे हा समज टिकवायचा तर सोसणारा दोषी ठरावा लागतो. खाटेजवळ सांत्वनाला आलेल्यांकडून पुष्कळदा हेच घडतं.

याची सर्वांत जुनी केस बायबलमधल्या, संकटांनी घेरलेल्या ईयोबाची. त्याचे तीन मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, चकार शब्द काढला नाही. तिथवर सेवा अव्वल होती. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाच्या बाजूनं बोलत सुटले. शेवटी देव चिडला तो त्या तिघांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबाबद्दल तो योग्य बोलला असंच म्हणाला. आपल्याकडे तुकोबांनी तर 'माझे लेखीं देव मेला' असं म्हणून ठेवलंय आणि तो अभंग गाथेतून कुणी काढलेला नाही. देवाशी भांडण हा श्रद्धेचाच एक जुना सूर आहे, हे रुग्णाला माहीत नसतं. घरच्यांनी कान धरलेले असतात. योग्य वेळी, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, हे नुसतं सांगितलं तरी बरीच लाज उतरते. एक्सलाइन आणि जोशुआ ग्रब्स यांच्या पाहणीतही, राग बोलून दाखवल्यावर समजून घेतलं गेलेल्यांपेक्षा, लाजवलं गेलेल्यांमध्ये राग दाबून ठेवणं आणि नशेकडे वळणं जास्त दिसलं होतं.

सेवा कुठे कमी पडते

बोलावणं उशिरा येतं, हा सर्वांत मोठा दोष. चॅप्लेन दारात दिसला की शेवट आला असा समज घरच्यांचा असतोच, कर्मचाऱ्यांचाही असतो. निदान कळल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा नुसती ओळख करून द्यावी. मग नंतरची भेट यमदूताची वाटत नाही.

नोंदी वाईट असतात. 'रुग्ण देवावर रागावलेला. प्रार्थना केली. बरं वाटलं.' यातून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. चांगली नोंद तीन ओळींची असते: पाचांपैकी कुठली तक्रार, कुठलं वाक्य टाळायचं, पुढची भेट कधी. रुग्णानं सांगितलेलं गुपित त्यात नसतं.

आणि वैद्यकीय धोक्याच्या खुणा काही चॅप्लेन ओळखत नाहीत, ही गंभीर गोष्ट. 'शिक्षा आहे, भोगलीच पाहिजे' म्हणत वेदनाशामक नाकारणं, जेवण सोडणं, रात्ररात्र जागणं, न केलेल्या गुन्ह्यांची कबुली देणं, देवाचा आवाज ऐकू येतो म्हणणं. इथे मनोविकारतज्ज्ञ त्याच दिवशी हवा. 'आता वर जाऊनच जाब विचारतो' असं कुणी थंडपणे म्हणालं, तर ते अलंकारिक समजू नये. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारावं. विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरते ही भीती निराधार आहे. 'हो' आलं तर रुग्णाला एकटं न सोडता उपचार करणाऱ्यांना कळवायचं. हा नियम लेखी नसलेली सेवा आम्ही नापास करू.

घरी गेल्यावर काय, याला बहुतेक सेवांकडे उत्तर नाही. झगडा रेंगाळला की जास्त हानिकारक ठरतो, आणि तो रेंगाळतो घरी. तिथे पहिल्या पाच सेकंदांत देवाचं वकीलपत्र घेणारेच उरतात. एक फोन, घरी सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, एवढंही फार थोड्या ठिकाणी होतं. ज्यांचं संकट आजाराचं नाही, धंदा बुडाला, घर जळालं, संसार मोडला, त्यांच्यापर्यंत तर ही सेवा पोचतच नाही.

गुण द्यायचे तर शब्दशः नोंदी, रशची पूर्ण चाळणी आणि धोक्याचा लेखी नियम असलेल्या सेवेला पाचपैकी चार. चाळणी अर्धवट असेल तर अडीच. धर्मगुरूंची नुसती यादी भिंतीवर लावून त्याला सेवा म्हणत असतील तर एक, तोही यादीतला फोन उचलला गेला तर.

घरातल्या कुणासाठी चॅप्लेन बोलावलाच, तर पहिल्या भेटीत दाराबाहेर उभं राहून एवढंच पाहा: तो खुर्ची ओढून बसतो की उभाच राहतो, पहिल्या दहा मिनिटांत जास्त कोण बोलतं, आणि निघताना पुढच्या भेटीचा दिवस सांगतो का. तिन्हींत नापास झाला तर दुसरा मागा. मागता येतो, आणि कारण द्यावं लागत नाही.